नर कुणाच्या वाट्याला

थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, या रिवाजात सगळा फायदा तुळशीरामचा होता. थोरल्याने लबाडी केली तर ती त्याच्याच अंगाशी येणार, आणि नाही केली तर धाकट्याची चैन. असा फायदा आयता पदरात पडला की माणसाची झोप उडते. तुळशीरामची उडाली होती.

गणेशपुरीच्या रस्त्यालगतच्या शेडमध्ये थोरल्या केसरीनाथने पांढऱ्या डुकरिणींचे दोन वाटे करून ठेवले होते. डाव्या कप्प्यात लांब अंगाच्या, ताठ पाठीच्या. उजव्या कप्प्यात बसक्या, गोल, लोंबत्या पोटाच्या. मधल्या कप्प्यात एकटा नर, लांबलचक आणि स्वतःवर खूश. त्याचं काय करायचं हे अजून कुणी बोललं नव्हतं.

"सरमिसळ का न्हाय केलीस, दादूस?"

"ट्रेनिंगला डाक्टर काय बोलला, सांगितलं ना तुला? जी झपाट्यानं अंग धरते ती माजावर उशिरा येते, पिल्लं कमी देते, दूधबी कमी. जिच्या पाठीवर चरबी तिची कूस भरलेली. एकाच डुकरिणीत दोनी गुन शोधाय गेलो तर दोनी जातात. म्हनून बसक्या आया ठेवायच्या आनी त्यांना लांब अंगाचा बाप लावायचा. पिल्लं आईसारखी भरपूर, वाढ बापासारखी."

"ट्रेनिंगला तू एकटाच गेलतास."

"तुला ताप होता."

"होता ना," तुळशीराम म्हणाला. तो तापही केसरीनाथनेच आणला असावा, असा त्याचा सूर होता.

वसई-बांद्र्याला डुकरं पोचवणारा राघो दाराशी विडी ओढत बसला होता. पंच म्हणून बोलावलेला माणूस रिकामा टेम्पो घेऊन का येतो, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. दोघांचा सगळा संशय घरातच खर्ची पडला होता.

तुळशीराम कप्प्यांपुढून फेऱ्या मारू लागला. दादूस बसक्यांची तारीफ करतो, म्हणजे बसक्या आपल्या गळ्यात मारायच्या आहेत. पण आपल्याला असं वाटेल हेही तो जाणून आहे. म्हणजे खरं तर लांब अंगाच्या मारायच्या आहेत. की आपण इथवर पोचू हेही त्याने धरलंय?

"अवो, बसक्या घ्या," त्याची बायको द्रौपदी पदर खोचत म्हणाली. "मी त्यांची बाळंतपनं केलीत. भावजी खोटं न्हाय बोलत."

"तुला कोनी पढवलं?"

"तुमच्याकडं बघून देवानं," ती म्हणाली आणि बादली उचलून बाजूला झाली.

"लांब अंगाच्या माझ्या," तुळशीरामने जाहीर केलं.

"बरं," केसरीनाथ म्हणाला.

ते 'बरं' फारच लवकर आलं. "थांब. न्हाय. बसक्या माझ्या."

"बरं."

तुळशीराम चरकला. ज्याला कुठलाही वाटा चालतो, त्याचा डाव वाट्यात नसतो. मग कशात असतो? त्याची नजर मधल्या कप्प्यावर गेली.

"नर कोनाचा?"

"दोघांचा. म्हयनाभर तुझ्याकडं, म्हयनाभर माझ्याकडं."

"तुझ्याकडून दमूनच येईल तो."

"मग कायमचा तूच ठेव."

"कायमचा? रोग हाय का त्याला?"

सकाळपासून पहिल्यांदाच केसरीनाथचा आवाज चढला. "मग तुझा बी न्हाय आनी माझा बी न्हाय!"

राघोने विडी विझवली. "मी नेतो की माझ्याकडं सांभाळायला," तो म्हणाला, आणि टेम्पोचा फाळका खाली पाडला.

फळी लावली गेली. दोन्ही भावांनी दोन बाजूंनी नर वर चढवला, समोरचा कमी रेटतोय का यावर डोळा ठेवून. नर किंचाळत होता. दोन्ही कप्प्यांतल्या माद्या लोखंडी जाळीला नाकं लावून उभ्या होत्या.

"आता या माजावर आल्या की काय करायचं?" द्रौपदीने विचारलं.

उत्तर राघोने दिलं, फाळक्याची कडी लावता लावता.

"मोबाईल हाय ना माझा? फोन करा, टेम्पोतून घेऊन येईन. घरचाच नर हाय तुमचा. भाडं तेवढं ज्याचं त्यानं द्यायचं."

"ज्याचं त्यानं कशाला?" तुळशीराम पटकन म्हणाला. "निम्मं दादूस, निम्मं मी."

"निम्मं-निम्मं," केसरीनाथ म्हणाला.

त्या सकाळच्या वाटणीत एवढ्या एका ठिकाणी मात्र तुळशीरामला कुठेच खोट दिसली नाही.