गुड फ्रायडेची कोंबडी

पातेल्यावरचं झाकण उडू लागलं आणि एल्दाला वाटलं, आला एकदाचा सण. कोंबडी म्हातारी होती, चिवट होती, पण कोंबडी होती. दोन झगे शिवून दिले तेव्हा कुठे मिळाली. सासऱ्यांनी, बेनियामिनोंनी, ती रीतीप्रमाणे कापली, मिठात ठेवली, धुतली, आणि आता ते चुलीपाशी बसून तापल्या दगडावर बेखमीर भाकऱ्या भाजत होते. आज वल्हांडणाची पहिली रात्र. पूर्वज मिसरातल्या गुलामीतून सुटले ती.

"करपवू नका हो, बाबा."

"आपले पूर्वज घाईत निघाले होते. त्यांच्याही करपल्या असतील."

नवरा रेनातो कोपऱ्यात चमचा कोरत बसला होता, तोही हसला. ऑक्टोबरपासून डोंगरातल्या या गावात ते फेरेरो नावाने राहत होते, बॉम्बने घर गेलेलं जेनोव्हाचं कुटुंब म्हणून. ज्यू आहेत हे कळलं असतं तर तिघांना गाडीत कोंबून उत्तरेकडे नेलं असतं, आणि तिकडून कोणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. एल्दाने सगळी काळजी घेतली होती. भिंतीवर क्रूस, खिशात जपमाळ, दर रविवारी चर्चमध्ये तिसरा बाक. भिंतींना कान असतात हे ती जाणून होती. नाकही असतं, एवढंच लक्षात आलं नव्हतं.

दार वाजलं. शेजारची तेर्सिल्लामावशी आत आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं.

"पोरी, आज काय आहे?"

"गुड फ्रायडे," एल्दा धडा म्हणून दाखवावा तशी म्हणाली. "मिरवणुकीसाठी काळा रुमालसुद्धा काढून ठेवलाय, मावशी."

"रुमाल काढलास. आणि चुलीवर काय चढवलंस?"

एल्दाने पातेल्याकडे पाहिलं.

"आज या गावात मांसाला कोणी शिवत नाही, कुत्र्यालासुद्धा हाडूक मिळत नाही," म्हातारी म्हणाली. "आणि तुझी कोंबडी चर्चच्या पायरीपर्यंत पोचलीय. अर्ध्या तासात मिरवणूक या गल्लीतून जाईल. क्रुसामागे या वर्षी खालच्या गावचा काळ्या शर्टवाला फॅसिस्ट कप्तान चालणार आहे."

एल्दाच्या तोंडचं पाणी पळालं. "आम्ही शहरातली माणसं, मावशी. राहिलं लक्षात ठेवायचं."

"शहरातली, होय." मावशीने बेखमीर भाकऱ्यांची चळत पाहिली. "नाताळात मी तुम्हाला डुकराचं सॉसेज दिलं, ते माझ्याच कुत्र्याने खाल्लं. तेव्हापासून मेला तुमच्या दारातून हलत नाही."

एल्दा पातेलं उतरवायला धावली.

"आता उतरवून काय उपयोग? वास काय परत पातेल्यात जाणार आहे? झाकण दाब नीट." एवढं बोलून मावशी निघून गेली.

"सांगेल का ती?" रेनातोने विचारलं. एल्दाला ते माहीत नव्हतं. पळून जावं तर वर अजून बर्फ होतं, आणि बाबांना दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. बाबांनी भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या. एल्दाला स्वतःचाच राग आला. सहा महिने जीव मुठीत धरून जपलेलं सगळं तिने एका म्हाताऱ्या कोंबडीपायी घालवलं होतं.

मग धुराचा वास आला. तिने खिडकीचं दार बोटभर उघडलं.

तेर्सिल्लामावशीच्या उंबऱ्याबाहेर निखाऱ्यांचं घमेलं होतं आणि ती त्यावर पाइनच्या ओल्या डहाळ्या टाकत होती. पांढरा दाट धूर उठला. समोरच्या दारातून गाउडेन्झिओ सुतार डोकावला. त्याने मावशीकडे पाहिलं, मग फेरेरोंच्या धुराड्याकडे पाहिलं, आत गेला आणि स्वतःचं घमेलं घेऊन आला. पलीकडची ब्रूना कढई घेऊन आली. मग तिची जाऊ आली, जिच्याशी ब्रूना तीन वर्षं बोलत नव्हती. कोणी कोणाला हाक मारली नाही, काही विचारलं नाही. मिरवणूक वळणावर आली तोवर गल्लीतलं एकही दार धुरावाचून राहिलं नव्हतं.

क्रूस पुढे गेला. मागून कप्तान आला, नाकाला रुमाल लावून खोकत.

"हे काय चालवलंय?"

"आमच्या गल्लीची रीत आहे, साहेब," गाउडेन्झिओ टोपी काढून म्हणाला.

"मी कधी ऐकली नाही."

"खालच्या गावात कुठली राहायला. आमच्या आजोबांच्याही आधीपासून आहे."

कप्तानाने पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबा सकाळपासून उपाशी होते. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले आणि प्रार्थना मोठ्याने सुरू केली. गल्लीने त्याहून मोठ्याने साथ दिली. कप्तान डोळे पुसत पुढे गेला.

प्रार्थना चर्चच्या दिशेने लांब गेली. एल्दा खिडकीशी तशीच उभी होती. बाहेर बायका घमेल्यांतले निखारे विझवत होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीनेही तिच्या खिडकीकडे वर पाहिलं नाही. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. बेनियामिनो तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिच्या खांद्यावरून गल्लीतली सगळी दारं एकेक करून बघत राहिले.

"एल्दा," ते म्हणाले, "मग सहा महिने आपण लपलो होतो कोणापासून?"