वाक्यात उपयोग

"लॅगन." दामूकाकांनी वहीतल्या शब्दावर बोट ठेवलं. "याचा अर्थ काय, बाय?"

बोईसरच्या वाचनालयात काम करणाऱ्या रूपलने इंग्रजी कोश पुढे ओढला. दांडी बंदरावरचे मच्छीमार दामूकाका साठीनंतर अक्षरं शिकले होते. घरी एकटेच; लहानगी लेक फार पूर्वी वादळात समुद्रात गेली होती. वर्षभर दर मंगळवारी एक अवघड इंग्रजी शब्द घेऊन यायचे आणि अर्थ कळला की त्याचं एक वाक्य लिहायचे. आज पायाशी फुगलेली कापडी पिशवीही होती.

"कुठून आणता हो असले शब्द?"

"बंदरावर जुनी कागदं पडलेली असतात."

रूपलचं बोट ओळींवरून सरकत गेलं. मनगटावर गोंदलेली चंद्रकोर आणि तीन ठिपके बांगड्यांतून डोकावले. पाम गावातल्या तिच्या घरात दुसऱ्या कोणालाच गोंदण नव्हतं.

"सापडला. वादळात जहाज हलकं करायला समुद्रात सोडलेला माल. पण वर तरंगणारा बोया बांधून. मालकाला पुन्हा शोधता यावा म्हणून."

"म्हंजे टाकलेला नाय."

"नाही. मालकाचा हक्क राहतो, असं लिहिलंय."

"किती वर्सं?"

"ते नाही लिहिलं."

"आनि दुसऱ्यानं वर काढून जिवापाड सांभाळला असंल तर?"

रूपल हसली. "काका, कोशाला काय कोर्टात उभं करता?"

काकाही हसले. त्यांनी वाकून पिशवीची गाठ सोडली. हात तिथेच राहिला.

"आज वाक्य चांगलं हवं हं," ती म्हणाली. "शेवटचा मंगळवार. रविवारी लग्न, मग मी नाशिकला."

"आई काय म्हनते?"

"काय म्हणणार! भाजी चिरताना रडते, नि कांदा नसतोच त्यात. मी नसले तर ती जगायची नाही, काका."

काकांनी पिशवीची गाठ पुन्हा घट्ट मारली, पेन्सिल घेतली आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं.

रूपलने मोठ्याने वाचलं, "लॅगन सुखात हाय, म्हनून मालक रिकामा परतला." तिने मान हलवली. "छान आहे. पण मालक वेडाच की! त्याचंच होतं ना?"

"व्हतं," काका म्हणाले आणि उठले.

दांडीच्या एसटीत खिडकीशी बसून त्यांनी पिशवीतून जुना लाकडी बोया काढला. खाऱ्या पाण्याने त्याचा रंग कधीच गेला होता. त्यांच्या होडीची खूण तेवढी शाबूत होती. चंद्रकोर आणि तीन ठिपके.