तीन कागदांचं खोकं

चर्रर्र करत चिकटपट्टी सुटली आणि सकाळपासूनची घरातली शांतता मोडली. घर सोडून निघालेला माझा नवरा आपल्याच कारखान्यातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत कपडे भरत होता.

“चिमणी माझ्याबरोबर येईल,” तो म्हणाला.

“हो का? आणि तिची वेणी कोण घालणार, तुझं मशीन?”

“माझीही मुलगी आहे ती!”

“हळू बोल. ऐकतेय.”

चिमणी जमिनीवर पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बसली होती. गरम रोलरमधून कागदाला लाटा पाडायच्या, खळ लावून त्याच्या वर-खाली सपाट कागद चिकटवायचे आणि जोड पक्का बसलाय का ते दोन्हीकडून ओढून बघायचं, हे सगळं बाबानेच तिला शिकवलेलं. तिने होता नव्हता तो जोर लावून ओढलं.

“बाबा, पक्कं आहे! सुटतच नाहीये!”

त्याचा हात खोक्यावरच थांबला. चिमणीने आणखी एकदा जोरात ओढलं आणि तो तुकडा माझ्यापुढे धरला.

 

“पण आई, मी तर बाहेरच्या दोघांना ओढलं. मग मधलाच का गं फाटला?”