दादाचा बचाव

दादानं दार ढकललं, तशी तिनं घाईघाईनं पडद्यावरचा आलेख बंद केला. पण त्याला दिसायचं ते दिसलं होतं.

"असू दे. मलाही बघायचंय," खुर्ची ओढत तो म्हणाला.

तो बास्केटबॉल संघाचा कप्तान. सगळे त्याला दादाच म्हणत. ती संघाची नवी विश्लेषक. सामने पुन्हापुन्हा पाहून आकडे काढायचे आणि कुणाला खेळवावं, कुणाला नाही ते सांगायचं, हे तिचं काम. कोचनी तिला पहिलाच प्रश्न घातला तो हा : दादाचा करार वाढवायचा का? सकाळीच तिनं अहवाल दिला होता. वाढवू नये. तो कोर्टवर असला की समोरचा संघ जास्त गुण करत होता.

लिहिताना तिचा जीव तुटला होता. लहानपणी टीव्हीवर याचेच सामने बघताना बाबा तिला म्हणायचे, "बॉलकडे बघू नकोस. आता दादा कुठे जाईल, सांग." ती बोट दाखवायची. तो नेमका तिथेच जायचा, आणि बापलेकीला आभाळ ठेंगणं व्हायचं. बाबा गेले. त्यांनी लावलेली नजर तेवढी राहिली, आणि त्या नजरेवरच आता तिचं पोट होतं.

तिनं या मोसमातले सामने लावले. एक कोवळा पोरगा दादाला वळसा घालून निघून गेला. मग दुसरा.

"जागा तुम्हाला अजून बरोबर कळते," ती हळूच म्हणाली. "पाय उशिरा पोचतात."

त्यानं तो तुकडा पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाला, "जुनं काही आहे का गं?"

तिनं शोधून लावलं.

"अरे बापरे, काय हे केस माझे!" तो खदखदून हसला. बघता बघता दोघंही खुर्चीच्या टोकावर आली. "आता डावीकडे!" ती ओरडली. पडद्यावरचा तरुण दादा डावीकडे झेपावला आणि त्यानं पास अडवला. हा दादा मात्र पडदा सोडून तिच्याकडेच बघत होता.

तिला राहवेना. "दादा, रागावला असाल माझ्यावर. पण खोटं नाही लिहिता आलं मला."

"वर्षभर विचारतोय सगळ्यांना, खेळणं थांबवू का म्हणून," दादा म्हणाला. "जो तो म्हणतो, छे, अजून वाघ आहेस! शेवटी मीच कोचना सांगितलं, त्या नव्या मुलीला विचारा. ती माझे लाड करणार नाही."