थेट यायचं नाही

मैदानाच्या मधोमध नवी उभी होती. शाळेत येऊन महिना झाला, तरी सगळे तिला नवीच म्हणत. आज विज्ञानाच्या बाईंनी तिला तारा केलं होतं. नुकता जन्मलेला, एवढासा. बाकीचा वर्ग म्हणजे भोवतालचा वायू आणि धूळ.

"तारा धुळीला ओढतो, पण धूळ थेट येऊन पडत नाही," बाई म्हणाल्या. "ती आधी भोवती फिरते. एकमेकांना घासते, वेग कमी होतो, मग आत सरकते. तुम्हीही तसंच. थेट यायचं नाही. खांद्याला खांदा घासला की सावकाश व्हायचं आणि आत यायचं. ताऱ्याचा हात धरलात की तुम्हीही तारा."

शिट्टी वाजली आणि वर्ग उधळला. पण कुणी कुणाला घासेना. पकडापकडीची सवय! जो तो अंग चोरून, दुसऱ्याला चुकवून पळत होता. नवीने पुढे धरलेले हात दुखायला लागले, तसे तिने ते खाली सोडले. डब्याच्या सुट्टीतही असंच व्हायचं. सगळे तिच्या आजूबाजूला, तिच्यापाशी कुणीच नाही.

"बाई, मला धूळच होऊ द्या ना. माझ्याकडे कुणाला यायचंच नाहीये."

"अगं, वेग जास्त आहे त्यांचा. दम धर." मग बाई मैदानाकडे वळल्या. "अरे, चुकवताय काय? घासा की!"

दोघे धडकले. हसत, धडपडत आत आले आणि एकाने तिचा हात धरला. घामेजलेला, गरम हात. मग आणखी चौघे, मग घोळकाच. नवीच्या पायावर कुणाचा तरी पाय पडला. तिला तेही आवडलं.

बाहेर एकटी भिंगरी उरली. वर्गात सगळ्यांत जोरात पळणारी. 'नवी' हे नाव तिनेच पाडलेलं. आधी ती जिंकल्यासारखी ओरडत होती. मग नुसतीच गोल फिरत राहिली. घासायला आता कुणी उरलंच नव्हतं. थांबावं तर हरल्यासारखं, आत शिरावं तर नियम मोडणार.

"बस फिरत!" घोळक्यातून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

नवी हसली नाही. तिने एक हात सोडवला आणि बाहेर लांब केला.

"ए भिंगरी, माझ्या हाताला घासून जा. वेग कमी होईल."

त्या फेरीला भिंगरीने हात चुकवला. पुढच्या फेरीला चुकवला नाही.