हाकेला ओ

"तीनदाच हाक मारायची. खाऊ दाखवायचा नाही, टाळी वाजवायची नाही," प्रकाशकाका म्हणाले. "नुसतं नाव घ्यायचं. लिहिलंत?"

"लिहिलं," क्षिप्रा म्हणाली आणि शिंकली.

सिंगापूरच्या सेम्बावांग भागात, एका रहिवासी ब्लॉकखाली काकांचं दुकान होतं. कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मालक परगावी गेले की त्यांना सांभाळायचं. पलीकडच्या मॉलमध्ये काचेचं चकचकीत दुकान उघडलं आणि इकडची वर्दळ आटली. गिऱ्हाईक वाढलं नाही तर वर्षअखेरीस शटर ओढायचं, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून ही स्पर्धा. मालकाने खडूच्या वर्तुळात उभं राहून हाक मारायची. सगळ्यात झटकन जो प्राणी येईल त्याला वर्षभर आंघोळ फुकट. कल्पना क्षिप्राची. इंग्रजी पोस्टरच्या माथ्यावर तिने मराठीत लिहिलं होतं, 'हाकेला ओ'. वस्तीच्या बातमीपत्राची बाई उद्या फोटो काढायला येणार होती.

शनिवारची दुपार. माशांच्या टाकीतला निळा उजेड भिंतीवर हलत होता. शाम्पूचा वास, केस वाळवायच्या यंत्राची संथ घरघर. अशा वेळी दुकान पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं आणि क्षिप्राला तिथून उठावंसं वाटायचं नाही. आठवडाभर ती हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत असायची. वर्षापूर्वी एका शनिवारी ती दुकानात शिरली, ती पुढे दर शनिवारी येत राहिली. निघण्याआधी अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायची.

"मांजरांनी इतक्या शिंका येतात, तर येता कशाला?" काकांनी विचारलं.

"मग पोस्टर कोण करणार?"

"अमेयराव काही बोलत नाहीत?"

"बोलतो ना. म्हणतो, शिंकायचंच तर घरी शिंक."

काका खळखळून हसले. मग दाराबाहेर बघून त्यांनी हाक मारली, "जाई!"

आखूड, वाकड्या शेपटीची करडी मांजर पायरीवर पंजा चाटत होती. तिने कानसुद्धा हलवला नाही.

"अंकल, युअर कॅट नेव्हर लिसन वन लाह!" आर्या ओरडली. दहाव्या मजल्यावरच्या विनीताताई आणि त्यांची ही मुलगी नाव नोंदवायला आल्या होत्या.

"हरणारच आहे ती. पण यादीत पहिलं नाव तिचंच घालतो," काका म्हणाले. "आपली फजिती आपणच आधी करून घ्यावी."

विनीताताई फॉर्मवर अडल्या होत्या. "कुत्र्याचं नाव काय लिहू हो? मी बंटी म्हणते, ही ब्रूनो म्हणते, आणि आमचे हे नुसतंच 'अरे' करतात."

"तीन नावं! बिचाऱ्याने ओ द्यायची तरी कशाला?"

"त्यात काय," क्षिप्रा पोस्टरच्या कडा कापत म्हणाली. "दोन तर मलाही आहेत. लग्नात सासूबाईंनी बदललं."

"मग तुम्ही कशाला ओ देता?"

"हाक कोण मारतंय, त्यावर आहे."

"घ्या! म्हणजे तुम्हीही स्पर्धेत हरणार," काका म्हणाले आणि सगळे हसले.

संध्याकाळी टेबलं पुसून झाल्यावर क्षिप्रा दारात घुटमळली. "काका, उद्या स्पर्धा झाली की तुम्हाला एक सांगायचंय."

"पुण्याला परत चाललात?"

"नाही हो."

"मग आत्ताच सांगा की."

"उद्या."

"बरं, उद्या." काका टॉवेलची घडी घालत राहिले. "मात्र लांबवू नका. मी पुणं सोडताना असंच म्हणालो होतो, पुढच्या महिन्यात सविस्तर बोलू. तेहतीस वर्षं झाली त्याला."

"कोणाला म्हणाला होतात?"

"घरी," एवढंच बोलून ते मांजरीला शोधायला बाहेर गेले.

रविवारी शटर उघडलं नाही. काका झोपेतच गेले होते. जवळचं कोणी आहे का, असं त्यांना न्यायला आलेल्या माणसांनी विचारलं. विनीताताईंनी मान हलवली. "कोणी नाही. एकटेच होते." शेजारी क्षिप्रा उभी होती. तिच्या हातात उरलेली पोस्टरं होती.

स्पर्धा दोन आठवडे पुढे ढकलली. "रद्द मात्र करायची नाही," विनीताताई म्हणाल्या. "लोक आले तर दुकान मी चालवायला घेते. नाही आले तर मांजरीला वर घेऊन जाते, आणखी काय."

लोक आले. ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर चाळीसेक कुत्री-मांजरं आणि एक कासव जमलं. काही जणांनी तिथेच पुढच्या आंघोळीच्या वेळाही ठरवून टाकल्या. खांबांमधून ऊन तिरपं आत येत होतं आणि त्या उन्हात केसांची लव तरंगत होती. सगळं जरा लांबून, झोपेत ऐकू यावं तसं ऐकू येत होतं. बातमीपत्राच्या बाईने कॅमेरा वर केला.

विनीताताईंनी माइक घेतला. हातात काकांच्या अक्षरातली यादी. पहिल्याच ओळीवर त्या थांबल्या.

"काका नाहीत," त्या म्हणाल्या, "पण यादी त्यांची आहे. त्यांचं वर्तुळ मोकळंच राहू दे. हाक मी मारते."

कोणीतरी हलकेच टाळी वाजवली.

"जाई!"

मांजर पायरीवर बसून होती.

"जाई!"

मागे कोणी हसलं आणि लगेच गप्प झालं. तिसऱ्या हाकेला विनीताताईंनी माइक खाली घेतला.

"जाई!"

क्षिप्रा गर्दीतून पुढे आली आणि खडूच्या रिकाम्या वर्तुळासमोर जाऊन उभी राहिली.

"ओ, बाबा," ती म्हणाली.