फोटोतला नारळ

तपासणीला आलेल्या साहेबाने मोबाईल पुढे केला. "ह्या तुम्हीच ना?"

सुंदराबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि त्या हसल्या. हिरवं नऊवारी, सोलरच्या काळ्या काचांवर हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ आणि पॅनलच्या कडेच्या पट्टीवर नारळ आपटायला उगारलेला हात. खंडेनवमीला पोशीरमध्ये कोयत्यापासून टेंपोपर्यंत सगळ्यांची पूजा होते. सोलर भाड्याचं असलं म्हणून त्याला उपाशी ठेवायचं थोडंच?

"मीच ती. चौकला हायवेवर कंपनीचा बोर्ड लागलावता याचा," त्या कौतुकाने म्हणाल्या. "ह्या स्वप्नीलनंच काढला."

स्वप्नील त्यांचा सख्खा भाचा आणि कंपनीचा या भागातला माणूस. तीन वर्षांपूर्वी आत्याच्या गच्चीवर सोलर त्यानेच बसवलं होतं. आज साहेबाबरोबर तोही वर आला होता, त्यामुळे सुंदराबाई निर्धास्त होत्या. रोज बारा युनिट देणारं सोलर सातावर आलं होतं. दळणाची घरघंटी पुन्हा सरकारी विजेवर फिरत होती, आणि सोलरचं भाडं काही अजून सतरा वर्षं चुकत नव्हतं. वॉरंटीत बसलं की कंपनी नवे पॅनल देणार होती. नवरा, आबाजी, खाली साहेबासाठी चहा टाकत होता.

साहेबाने फोटो बोटांनी मोठा केला. नारळापाशी थांबला.

"वीज कमी झालीय, ते बरोबर आहे. पण ती आपोआप कमी झाली तरच वॉरंटी लागते. इथे तुम्ही नारळ आपटलाय. आत चिरा गेल्या असणार."

"असनार म्हंजे? तुमाला दिसल्या का?"

"त्या डोळ्यांना दिसत नाहीत."

"शेजारच्या हर्षलानं तर नारळ वाढवलाच नाय. तिचं पन सातच हाय."

"त्यांची तक्रार आली की त्यांचं बघू," म्हणत साहेब कागदावर लिहू लागला.

सुंदराबाई भाच्याकडे वळल्या. त्या दिवशी त्या गच्चीच्या पायरीवरच नारळ वाढवणार होत्या. 'पायरीवर नको आत्या, पॅनलवर फोड, फोटोत दोन्ही आलं पाहिजे,' म्हणत त्यानेच त्यांना हाताला धरून पॅनलपाशी नेलं होतं.

"सांग रं बाबा ह्यांना. पॅनलवर नारळ फोड असं मला कुनी सांगितलं?"

स्वप्नीलने साहेबाकडे पाहिलं, मग पाण्याच्या टाकीकडे.

"आत्या, मी फक्त फोटो काढत होतो."

साहेबाचा सुंदराबाईंना राग आला नाही, तो परका होता, कंपनीचं खात होता, कंपनीचंच बोलणार. पण हे पोर त्यांच्या मांडीवर वाढलं होतं. सोलर घेताना कागदावर अंगठा उमटवला तेव्हासुद्धा त्यांनी कंपनीचं नाव विचारलं नव्हतं, त्याचं तोंड बघितलं होतं.

"इथे अंगठा द्या मावशी. तपासणी झाली म्हणून," साहेबाने कागद पुढे केला.

त्यांनी कागद घेतला नाही. पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला आणि फोटोत होत्या तिथेच, पॅनलच्या त्याच कोपऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. हात मोकळेच होते.

"काढ फोटो," त्या स्वप्नीलला म्हणाल्या.

त्याने मान खाली घातली.

"काढ की रं. ह्यो पन लाव चौकला हायवेवर."